कावळा, ताडफळ आणि तंबाखूची वखार
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठीच्या प्राध्यापकाने जीवशास्त्रीय संशोधनातील कार्यकारणभावावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा संतवाङ्मयाची असावी. मी हा विषय घेतला त्याला कारण आहे. बेळगाव-निपाणी भागात तंबाखूचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमचे आजोबा रोज बिडीचं एक बंडल ओढायचे, नव्वद वर्षं जगले." अलीकडे शिकलेल्या मंडळींकडून याच वाक्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती ऐकायला मिळते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, असे ते सांगतात. आजोबांचे उत्तर देणे सोपे आहे. दुसरे विधान मात्र खरे आहे, आणि खऱ्या विधानाच्या आडोशाला बसणे फार सोयीचे असते. म्हणून ते जरा उलटून पालटून पाहावे असे मनात आले.

आपल्या भाषेला ही शंका मुळीच नवी नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात : कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ खाली पडले. आपल्या नैयायिकांनी मात्र यापुढे जाऊन बारीक विचार केला. धूर असेल तेथे अग्नी असतो, हे त्यांनी मान्य केले. परंतु अग्नी असेल तेथे धूर असतोच, हे मानले नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघतो तो सरपण ओले असते म्हणून. वरवर अग्नी आणि धूर यांचा वाटणारा संबंध वास्तविक या ओल्या सरपणाच्या आश्रयाने उभा असतो. अशा लपलेल्या तिसऱ्या गोष्टीला त्यांनी 'उपाधी' असे नाव दिले. आजचे संशोधक जिच्या शोधात आयुष्य घालवतात ती हीच. दुसरा त्यांचा शब्द 'अन्यथासिद्ध'. कुंभाराकडे मडके घडण्यापूर्वी माती वाहणारे गाढव हजर असते. तरी गाढव हे मडक्याचे कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरून आणली असती तरी मडके झालेच असते.

इतकी तयारी आपल्याकडे होती. अडचण आली ती 'नियत' या शब्दाची. कारण असले की कार्य नियमाने झाले पाहिजे, ही अपेक्षा घटाला आणि पटाला लागू पडते. सजीवांना ती तशीच लावता येत नाही. एकाच घरात, एकाच साथीत चौघांना ताप येतो आणि पाचवा खडखडीत राहतो. बिडी ओढणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होत नाही, आणि कधीही न ओढणाऱ्याला क्वचित होतो. येथे नुसता तर्क पुरत नाही. मोजावे लागते, आणि मोजताना कोणाची कोणाशी तुलना करायची हे ठरवावे लागते. सगळी खुबी या दुसऱ्या गोष्टीत आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत ती साथ पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड अशी सर्वत्र पसरली. त्या काळच्या आठवणी आपल्या घराघरांतून पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. उंदरांचे मरण आणि माणसांचे मरण यांच्यातील सहसंबंध खेड्यातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला पक्का ठाऊक होता. कारण कोणते, हे त्याला माहीत नव्हते. तरीही त्या ज्ञानाने त्याचा जीव वाचला. सहसंबंधाला तुच्छ लेखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सरकारी डॉक्टरांचा भर मात्र बराच काळ घाणीवर होता. गटारे धुतली गेली, घरांत कार्बोलिक शिंपडले गेले, कौले उतरवून ऊन आत घेतले गेले. त्यांचा आधारही पाहणीचाच होता : दाटीच्या, अस्वच्छ चाळींत प्लेग जास्त होता, हे आकड्यांनी खरेच होते. परंतु मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा परिसर. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे गरिबांची दाटी तेथे उंदीर व माणूस यांच्यात अंतरच उरत नाही. घाण आणि प्लेग यांच्या मधले ओले सरपण कोणते, हे कोणी पाहिले नव्हते.

ते पाहिले पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने. १८९८ च्या जूनमध्ये कराचीत एका हॉटेलातल्या खोलीत त्याने प्लेगने आजारी पडलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर वर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसू तेवढी जाळीतून जाऊ शकत होती. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी पिंजऱ्यातला उंदीरही प्लेगने मेला. यावर तो थांबला असता तर प्रयोग अर्धाच राहिला असता. त्याने पिसवा नसलेल्या आजारी उंदरांजवळही निरोगी उंदीर ठेवून पाहिले, आणि ते जगले. नैयायिकांच्या भाषेत अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही झाले. एवढे होऊनही त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेगच्या चौकशी मंडळाने गिनीपिग घेऊन तेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले. पिसवांची उडी जिथवर पोचत नाही इतक्या उंचीवर टांगलेले प्राणी वाचले, तेव्हा कोठे शंका फिटली. स्वच्छतेचा उपदेश त्यामुळे खोटा ठरला नाही. पण तो कोणत्या वाटेने उपयोगी पडतो, हे कळले.

याच साथीत दुसरा एक धडा घडला. त्याची आठवण मराठी वाचकांत फारशी उरलेली नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मृत्यू एकही नाही. आकडे उत्साह वाढवणारे होते. परंतु जो माणूस आपण होऊन हात पुढे करतो तो कदाचित मुळातच अधिक धट्टाकट्टा, अधिक सावध असेल. मग वाचवले कोणी, लसीने की स्वभावाने? ही शंका त्या काळीही रास्त होती.

१८९८ मध्ये उमरखाडीच्या तुरुंगात याला साधा तोडगा निघाला. कैद्यांना रांगांनी बसवले आणि एकाआड एकाला लस टोचली. आता निवड कैद्याच्या इच्छेवर राहिली नाही. त्याच वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. घेतलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले, ३ मेले. कसलेही अवघड गणित न करता हे आकडे बोलतात. एकाआड एक निवडण्यात मोठे सामर्थ्य आहे : ज्या उपाधी आपल्याला माहीत आहेत त्या तर दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या जातातच, ज्या आपल्या स्वप्नातही नाहीत त्याही बहुतेक सारख्या वाटल्या जातात. आज नव्या औषधांच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, त्याच्या मागे हेच तत्त्व आहे. बेळगावकरांना व्हॅक्सिन डेपो हे नाव सभा आणि सामन्यांमुळे परिचयाचे आहे. तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे, एवढे जाता जाता सांगून मी निपाणीकडे वळतो.

तंबाखूच्या बाबतीत उमरखाडीचा मार्ग बंद आहे. शंभर पोरे रांगेत बसवावीत आणि एकाआड एकाला तीस वर्षे बिडी ओढायला लावावी, असा प्रयोग कोणी करू शकत नाही; करू धजला तर त्याची जागा तुरुंगातच. मग कारण सिद्ध करायचे कसे?

इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने वाढले. त्याच काळात मोटारी वाढल्या, डांबरी रस्ते वाढले, सिगारेटही वाढली. काळाबरोबर वाढणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी एकमेकींच्या सोबतिणी दिसतात. कावळे अनेक, ताडफळ एक. रिचर्ड डॉल यांचा आरंभीचा संशय डांबर आणि मोटारींच्या धुरावरच होता. त्यांनी व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या वीस रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रोगी घेतले आणि त्याच वयाचे, इतर आजारांचे ७०९ रोगी तुलनेला घेतले. १९५० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत कधीही धूम्रपान न केलेले फक्त दोन निघाले. तुलनेच्या तितक्याच पुरुषांत सत्तावीस. अभ्यास चालू असतानाच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली.

यावर सर्वांत मोठा आक्षेप घेतला तो ज्यांना आधुनिक सांख्यिकीचे जनक म्हणतात त्या रोनाल्ड फिशर यांनी. शेतीच्या प्रयोगांत कोणत्या तुकड्यात कोणते बियाणे पेरायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, हा दंडक त्यांनीच घालून दिला. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांचे येणेजाणे असे. ते म्हणाले, येथे चिठ्ठ्या कोठे टाकल्या आहेत? कदाचित एखादा आनुवंशिक गुण माणसाला धूम्रपानाकडे ओढत असेल आणि तोच गुण कर्करोगही निर्माण करत असेल. हे शुद्ध नैयायिकाचे बोलणे आहे. उपाधी दाखवा, मग पुढे बोला. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू कारखानदारांच्या समितीचे सल्लागार होते, म्हणून त्यांचा प्रश्न झटकून टाकण्याची काहींना घाई असते. मला ती पसंत नाही. प्रश्न बरोबर होता. चूक झाली ती उत्तरे येऊ लागल्यावरही त्यांना कान न देण्यात.

उत्तरे अनेक बाजूंनी आली. जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये एक बिनतोड मुद्दा मांडला. सिगारेट ओढणाऱ्यांत हा कर्करोग न ओढणाऱ्यांच्या नऊपट असेल आणि ते सगळे एखाद्या लपलेल्या गुणाचे काम असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांत निदान नऊपट अधिक आढळला पाहिजे. इतका बलवत्तर गुण असेल तर तो दाखवा! कोणी दाखवू शकले नाही. डॉल यांनी हजारो ब्रिटिश डॉक्टरांची माहिती १९५१ पासून पन्नास वर्षे ठेवली. जितके ओढणे अधिक तितका रोग अधिक. ज्यांनी सोडले त्यांचा धोका वर्षागणिक कमी होत गेला. जन्मतः मिळालेला गुण सिगारेट विझवल्याने विझत नाही. २००४ मध्ये त्या अभ्यासाचा अखेरचा निष्कर्ष आला तो असा, की आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरी दहा वर्षे आधी जातो.

हे साहेबांच्या सिगारेटचे झाले, आमच्या बिडीचे आणि पान-तंबाखूचे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मुंबईत मिळते. टाटा स्मारक रुग्णालयात एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनी १९५५ मध्ये तंबाखू खाणे-ओढणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्यांत रोग मुख्यतः तोंडाच्या पोकळीत, बिडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी आणि घशाकडे, असा भेद त्यांना दिसला. याचे महत्त्व लक्षात घ्या. अनुवंशाने आलेला दोष तंबाखूची गोळी गालाच्या कोणत्या बाजूला धरली आहे, हे पाहत बसत नाही. आंध्रातील श्रीकाकुलम भागात बायका चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात. तिथे कर्करोग टाळूला होतो, जो इतरत्र विरळा. उलटी विडी ओढण्याची ही चाल आपल्या शेजारी गोव्यातही होती. धुमटी ओढणाऱ्यांची पाहणी संशोधकांनी १९७० च्या दशकात केली.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे फली मेहता आणि त्यांचे सहकारी तर घरोघर गेले. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे त्यांनी तपासली; तो अहवाल १९७२ चा. पुढे मेहता, प्रकाश गुप्ता आदींनी उमरखाडी उलटी करून वापरली, असे मला वाटते. तंबाखू द्यायची चिठ्ठी टाकता येत नाही, पण सोडवण्याचा प्रयत्न तर करता येतो! तीन राज्यांतल्या सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्या ग्रामस्थांना त्यांनी समजावले, पाठपुरावा केला आणि अशी समजूत न घातलेल्यांशी त्यांची तुलना केली. समजावलेल्यांत सवय सोडणारे अधिक निघाले आणि कर्करोगापूर्वी तोंडात येणारे पांढरे चट्टे कमी झाले. हे १९८६ साली प्रसिद्ध झाले. मुंबईतच पुढे जवळजवळ एक लाख माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. २००५ च्या निबंधात, इतर भेद हिशोबात घेऊन, न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण १.३७ पट तर बिडी ओढणाऱ्यांचे १.६४ पट निघाले. बिडी सौम्य, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो कोठून आला असेल, याची कल्पना आपण करू शकता.

आता आजोबा. नव्वदीचे आजोबा आपल्याला दिसतात, कारण ते उरले. त्यांच्याबरोबर पारावर बसून ओढणारे जे पंचावन्नाव्या वर्षी गेले त्यांचे उदाहरण द्यायला कोणी बसलेले नाही. शिवाय कारणाचा अर्थ 'प्रत्येकाला' असा नसतो, हे आपण प्लेगमध्ये पाहिलेच. उंढेऱ्यात लस न घेतलेले ३७ जण आजारी पडले नाहीत. त्यावरून लस व्यर्थ होती असे कोणी म्हणत नाही.

सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य कारखानदारांनीही फार लवकर हाती घेतले. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन, धूम्रपान हे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही, अशी ग्वाही दिली होती. नैयायिकाची शंका उत्तर मिळताच शमते. दुकानदाराची शंका उत्तर मिळाल्यावर नवा प्रश्न काढते.

हे बोलताना मी कोठे उभा आहे, याची मला जाणीव आहे. निपाणी भागातल्या काळ्या रानात तंबाखूवर घरे उभी राहिली, मुलांची शिक्षणे झाली, लग्ने झाली. १९८१ मध्ये भावासाठी तंबाखू उत्पादक शेतकरी हमरस्त्यावर बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांच्यातले काही मरण पावले. त्यांना उद्देशून विज्ञानाची ऐट मिरवणे मला जमणार नाही. पण त्यांची बाजू घेण्यासाठी रोगाचे कारण नाकारण्याची गरज आहे, हेही मला पटत नाही. भावाचा प्रश्न वेगळा, पर्यायी पिकाचा वेगळा आणि फुप्फुसाचा वेगळा.

राहता राहिला वखारीचा प्रश्न. त्याचा अभ्यास आपल्या दाराशी आहे. वखारीत तंबाखू झोडपणाऱ्या, चाळणाऱ्या बायका दिवसभर खकाण्यात श्वास घेतात. काही मालक मंडळी सांगतात, "आमच्याकडच्या बायका बघा, वीस-वीस वर्षं कामाला आहेत, काही झालं नाही." ते खोटे बोलत नसतील. मात्र जी खोकल्याने बेजार झाली ती काम सोडून घरी बसली, आणि आज वखारीत मोजायला जाल तर ती सापडणार नाही. उरतात त्या टिकलेल्या. म्हणून कामावरच्या बायका गावातल्या इतर बायकांपेक्षा निरोगी निघाल्या तरी आश्चर्य नाही. रोगांच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात या भासाला 'निरोगी कामगाराचा परिणाम' असे नावच आहे. उलट बाजूनेही फसगत होते. वखारीतली बाई गरीब असते, चुलीच्या धुरात स्वयंपाक करते, कोंदट खोलीत राहते, पुष्कळदा मिश्रीही लावते. तिचा खोकला पाहून सारा दोष वखारीवर टाकला तर तेही कच्चे काम होईल.

प्रामाणिक पाहणी करायची तर आजचे मस्टर पुरणार नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे मस्टर काढून त्यावरच्या प्रत्येक नावाचा माग घ्यावा लागेल : कोण कामावर आहे, कोण सोडून गेली, कशामुळे, कोण वारली, कशाने. त्याच गल्लीतल्या, तितक्याच गरीब, तशाच चुलीपाशी बसणाऱ्या पण वखारीत कधी न गेलेल्या बायका तुलनेला घ्याव्या लागतील. झोडपणीवर किती वर्षे, चाळणीवर किती, नुसत्या बांधणीवर किती, हे वेगळे लिहावे लागेल. यंत्र लागणार नाही, फारसा पैसाही लागणार नाही. वह्या लागतील आणि घरोघर जाणारी पाच-सहा माणसे. आमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी मिळतील, याची हमी मी देतो. जुनी मस्टरे कोणाच्या माळ्यावर पडली असतील तर ती रद्दीत घालण्यापूर्वी या वाचनालयाकडे आणून द्यावीत, एवढी विनंती करतो.